कमलकाकूंना झालेली अटक

फेसबुकवर तुम्ही फोटो टाकलात आणि खाली 'वजन कमी दिसून राह्यलं. अंडी खा' अशी कॉमेंट आली, तर घाबरू नका. तुम्हाला काहीही झालेलं नाही. फक्त आमच्या घाटंजीच्या कमलकाकूंची नजर तुमच्यावर पडली आहे.

काकूंची सारी नोकरी अंगणवाडीत गेली. पोट्टं दिसलं की काट्यावर ठेवायचं, दंड मोजायचा, आईला झापायचं. रिटायर झाल्यावर काटा सुटला, सवय काही सुटली नाही. मग पुण्यातल्या मुलानं, संदीपनं, मोबाईल घेऊन दिला आणि सारं जगच काकूंच्या अंगणवाडीत दाखल झालं. माझ्या भाचीच्या लग्नाच्या फोटोखाली सगळे 'नांदा सौख्यभरे' लिहीत होते. काकूंनी लिहिलं, 'नवरी फिक्की हाय. रक्त तपासा.' भाचीच्या सासूचा मला फोन! आता काय सांगू, कपाळ? एका पुढाऱ्याला वाढदिवसाच्या दिवशी 'पोट सुटलं, रात्रीचं कमी जेवा' लिहून त्यांनी कार्यकर्त्यांच्या शिव्या खाल्ल्या. शिव्या देणाऱ्या एकाला उलट विचारलं, 'तू जेवला काय?'

"काकू, अनोळखी माणसाले काहून विचारता?" मी चिडायची.

"अवं, अनोळखी म्हून त्याले पोट नसते काय?"

घ्या! आता बोला.

परवा दुपारी विरजण मागायला गेले, तर मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवलेला आणि काकू त्याच्यासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. पडद्यावर खाकी वर्दीतला एक पोरगा ओरडत होता, "आप डिजिटल अरेस्ट में हैं! कैमरे के सामने से हटना नहीं!"

असल्याच फोनवर आमच्या ओळखीच्या एका गुरुजींची जन्माची जमा गेली होती. मी हातवारे करून 'बंद करा, बंद करा' सांगितलं. काकूंनी मलाच गप्प बसायची खूण केली.

"नही हटती रे बाप्पा," त्या पोराला म्हणाल्या. "पन तेरी आँखें पिली दिख रही. कावीळ हुई थी क्या?"

"अकाउंट नंबर बताइए!"

"बताती. पहले जीभ दिखा."

खोटं नाही सांगत, त्या पोलिसानं जीभ दाखवली! मग भानावर आला आणि जास्तच तडकला. काकूंना त्याचं काय? सकाळी काय खाल्लं, गाव कोणतं, चौकशी चालूच. "माँ है ना रे घर में?" असं विचारल्याबरोबर मात्र पोरानं फोन कापला.

मी मोबाईल ओढून घेतला आणि तो नंबर ब्लॉक केला.

"काकू, चोर होता तो! सारी पुंजी गेली असती ना!"

"मले काय समजत नाही?" काकू शेंगा सोलत म्हणाल्या. "बँकेतल्या पोरीनं बजावलं हाय. दमडी देनार नव्हती मी त्याले."

"मग फोन काहून नाही ठेवला? किती वेळची बोलून राह्यल्या तुम्ही त्याच्याशी?"

"सकाळपासून," त्या म्हणाल्या आणि त्यांचे हात थांबले.

"संदीप लावते ना फोन. गुणाचा हाय पोरगा. पन 'आई, मीटिंग हाय, ठेवतो' म्हन्ते. तुह्या काकाले जाऊनही लय सालं झाली. 'समोरून हटू नोको' असं मले कोनी म्हटलंच नव्हतं, सुनीते. खोटं तं खोटं. म्हटलं, बसू थोडं."

मला एकदम रडूच आलं. घरी दूध विरजायचं तसंच पडलं होतं. पडू दे. मी शेंगांची टोपली पुढ्यात ओढली आणि काकूंच्या समोर फतकल मारून बसले.