बीट सरदाराचा मानाचा कोपरा

"हरलो ना, तर तुझा रुमाल डोक्याला बांधून अख्ख्या अंगणाला चहा पाजीन! कमरेत वाकून!"

तोलोगोन बाइके, म्हणजे तोलोगोन दादा, हे बोलला तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं, आणि तिथेच घोळ झाला. घरात लावलेली पैज मोडता येते. पण किर्गिझस्तानातल्या नारीनसारख्या गावात, पाच मजली इमारतीच्या जिन्यात ऐकू गेलेली पैज तळमजल्यापर्यंत जाऊन परत वर येते, आणि येताना दुप्पट होऊन येते.

भांडणाचं मूळ गड्डू. गड्डू म्हणजे व्हिडिओ गेममधला उड्या मारणारा कोबी. गेली वीस वर्षं तो पोरांच्या दप्तरांवर, टूथपेस्टवर, पायमोज्यांवर उड्या मारतोय. आता कंपनीने त्याच्या उड्या थांबवून त्याला डावपेच शिकवले होते. नवा खेळ निघाला, 'गड्डूची फौज'. पटावर चौकोन, एकदा तुमची खेळी, एकदा समोरच्याची. कुणी मरत नाही. हरलेली भाजी रुसते आणि जागच्या जागी बसून जाम खाते. सरदार रुसला की खेळ खलास. खोक्यावर लिहिलं होतं, 'वय वर्षे सहा ते शंभर'. बाइकेने खेळ नातवंडांसाठी आणला होता. नातवंडं बिश्केकला होती आणि बाइके बाराव्या पातळीवर अडकला होता.

समोरच्या घरची सून बुरुल चाळण परत द्यायला आली. पडद्याकडे बघून दारातूनच म्हणाली, "बाइके, कांद्याला पुढे न्या की. तो सगळ्यांना रडवतो."

"सूनबाई, सत्तावीस वर्षं फौजेत होतो मी!"

"गोदामात. मोजे वाटत होतात," आतून त्याची बायको दामिरा म्हणाली.

"मोजे वाटायला पण डोकं लागतं! सुनांची अक्कल किटलीच्या तोटीपर्यंत. तिच्यापुढे थेंब थेंबच."

बुरुलने चाळण खाली ठेवली. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. प्रत्येक जेवणावळीत ती दाराजवळ, एक गुडघा मुडपून, किटली घेऊन. चहा वाडगीत अर्धाच ओतायचा, म्हणजे पाहुणा परत मागतो, परत ओतायचा. सगळे ढेकर देऊन उठेपर्यंत तिच्या स्वतःच्या वाडगीवर साय जमून ती गार दगड झालेली असायची. चार वर्षांत चार माणसांत बसून गरम चहा तिने एकदाही प्यायला नव्हता.

"खेळू या," ती म्हणाली. "मी हरले तर उन्हाळाभर अंगणातल्या तुमच्या बाकावरच्या मंडळींना चहा. तुम्ही हरलात तर चहा तुम्ही ओतायचा. आणि मी बसणार. मानाच्या जागेवर. गरम चहा पिणार."

यावर बाइके काय गरजला ते अख्ख्या जिन्याने ऐकलं.

खेळ खरं तर बाइकेच्या स्वयंपाकघरात व्हायचा होता. पण त्याने साक्षीदार बोलावले. साक्षीदार मावेनात म्हणून टीव्ही अंगणात आला, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर लोंबली, लोकरीचे नमदे अंथरले गेले. माणसं झाली चाळीस. चाळीस माणसं म्हणजे चहा आला, आणि चहा म्हणजे बुरुल.

सासूने, सायकाल अपाने, किटली तिच्या हातात कोंबली. "जिंकलीस की ठेव खाली. तोवर तू सूनच आहेस. आणि हरलीस तर मी तोंड कुठे लपवू, ते पण सांगून ठेव."

मग बुरुल एक खेळी करायची, पाच वाडग्या भरायची, पळत परत यायची.

पटावर होतं एक घर, एकच दार. बाइकेने फौज मांडली. दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या कोपऱ्यात, बीट सरदार. त्याच्या खाली गाजर, मग मुळा. आणि उंबऱ्याशी सगळ्यात धाकटा मटार. वयाप्रमाणे, मानाप्रमाणे.

"याला म्हणतात संस्कार!" म्हातारे खूश झाले.

बुरुल मात्र गालात हसली. मानाच्या जागेचं दुखणं चहा ओतणारीलाच माहीत. तिथे बसलेल्या माणसाला, खालची सगळी रांग उठल्याशिवाय, उठता येत नाही. तिचा चुलत सासरा एका लग्नात तिथे दोन तास अडकला होता. त्याला जायचं होतं परसाकडे, आणि सामोरं जावं लागलं भाषणांना.

तिने कांदा नेऊन थेट दारासमोर उभा केला. मटार रडला, रुसला, आणि उंबऱ्यातच बसून जाम खायला लागला. दार बंद!

"अहो, बिटाला उडी मारता येते," दामिरा म्हणाली. "टाका गाजरावरून."

बाइकेने बीट उचललाच होता, तेवढ्यात मागून एक म्हातारा खेकसला, "थांब! मोठा माणूस धाकट्यांचे पाय ओलांडून जाणार? भर बैठकीत?"

"अहो, तो बीट आहे!"

"आपल्या अंगणात बसलाय ना? मग अंगणाची रीत पाळेल!"

"मग त्याने जायचं कुठून?"

"गाजराला म्हणावं, सरक."

"गाजराच्या खाली मुळा बसलाय हो!"

वाद रंगला. खेळीला एक मिनिट, पडद्यावर वाळू सरकत होती, ती संपली. बाइकेची खेळी गेली.

आता पाळी बुरुलची, आणि बुरुल अंगणाच्या पार त्या टोकाला, हातात किटली. "सूनबाई, इकडे अर्धी!" "सूनबाई, साखर!" वाळू निम्मी झाली.

सायकाल अपा ताडकन उठली. तिने किटली हिसकावली. "जा, भवाने! वाळू संपतेय! यांना मी बघते."

बुरुल धावली. कांद्याने एकच भपका सोडला. मुळा रडला, गाजर रडलं, आणि बीट सरदार मानाच्या कोपऱ्यात बसल्याबसल्या जाम खाऊ लागला.

"बसल्या जागी पडला," दामिरा म्हणाली. "पण मानाने पडला."

"वायर हलली!" बाइके ओरडला. "परत खेळू!"

"जिन्याने ऐकलंय!" चाळीस तोंडांनी उत्तर दिलं. दामिराने रुमाल आधीच आणून ठेवला होता. तिनेच तो त्याच्या टकलावर घट्ट आवळला.

बाइके पहिल्या म्हातारीपुढे वाकला. गुडघा कट्कन वाजला. म्हातारीने सवयीने हात वर करून आशीर्वाद दिला, "घर भरून पोरं होऊ देत गं बाई!"

रागाच्या भरात त्याने पहिली वाडगी काठोकाठ भरली. काठोकाठ म्हणजे 'प्या आणि चालू पडा'.

"आम्हाला हाकलतोस?" सायकाल अपा कडाडली. "अर्धी! आणि दोन्ही हातांनी दे. घरी काही शिकवलं की नाही तुला?"

बुरुल मानाच्या जागेवर बसली होती, दोन म्हाताऱ्यांच्या मधे. पाय कसे ठेवायचे ते तिला सुचत नव्हतं. बाइकेने वाकून, दोन्ही हातांनी, वाफाळती वाडगी तिच्यापुढे धरली. सगळं अंगण बघत होतं. चार वर्षांची हौस. तिने मोठ्ठा घोट घेतला.

जीभ पोळली. घसा पोळला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कसा झालाय?" बाइकेने दात आवळून विचारलं.

बुरुलने वाडगी खाली ठेवली, आणि ताठ मानेने त्याच्याकडे बघितलं.

"गार आहे," ती म्हणाली. "दुसरा आणा."