माळ्यावर चढलेली काळजी

सगळं डब्यांपासून सुरू झालं. तुम्ही म्हणाल, ऑपरेशन कानामागचं आणि सुरुवात डब्यांपासून कशी? थांबा हो जरा. तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय!

तर आमच्या शेजारचे सेफ्टीसाहेब. कारखान्यात सुरक्षा अधिकारी. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही, कुणाच्या बुटाची नाडी सुटली, हे बघत फिरायचं आणि शिट्टी फुंकायची, याचा पगार. (मीही या नोकरीच्या मागे होतो एके काळी. पण नुसती शिट्टी वाजवता येऊन भागत नाही म्हणे.)

त्यांच्या बायकोच्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. साधी होती, भिण्यासारखी नव्हती, पण कानामागून ऑपरेशन करून काढायलाच हवी होती. काढली. मात्र खोली सोडताना भाडेकरूनं पंखाही उतरवून न्यावा, तशी ती गाठ जाताना उजव्या कानाचं ऐकणं घेऊन गेली. शिवाय तोल बिघडवून गेली आणि उजव्या पापणीला मिटायचा आळस लावून गेली.

दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी नीट समजावलं होतं. "एकदम वाकू नका. जड उचलू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. डोळा कोरडा पडू देऊ नका, थेंब घालत राहा. नेहमी लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवा. आणि मुख्य म्हणजे रोज थोडं थोडं चाला, मान हळूहळू वळवा. चाललात तरच डोकं नव्यानं तोल सांभाळायला शिकेल."

यातलं 'नका' तेवढं साहेबांनी ऐकलं. 'चाला' आलं तेव्हा ते दवाखान्याचं आग विझवायचं नळकांडं तपासत होते.

त्यात मेहुणीचा फोन. मेहुणी एका शाळेची मुख्याध्यापिका, तिला सगळे हेडबाई म्हणतात. "भाऊजी, रविवारी येतेय. ताईची आबाळ दिसली तर सरळ माझ्याकडे घेऊन जाईन. तुमचं काही ऐकणार नाही."

साहेबांनी फोन ठेवला आणि घरभर नजर फिरवली. बायको दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस सवयीनं दोन कप चहा करायचा आणि दुसरा कप समोर ठेवून त्याच्याशी बोलायचा. चहा गार झाला की तोही पिऊन टाकायचा. पुन्हा ती पाळी नको होती. म्हणून त्यांनी ठरवलं, रविवारी आपलं घर असं सुरक्षित दिसलं पाहिजे, की हेडबाईंनी बोट ठेवायला जागा शोधावी.

आणि घराचा कारखाना झाला. बोळकंडीपासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर पिवळ्या-काळ्या तिरक्या पट्ट्या चिकटल्या. बाथरूमच्या दारावर 'सावधान' आलं. बायको खुर्चीतून उठली की शिट्टी वाजायची. चालायला लागली की साहेब तिच्याकडे तोंड करून उलटे चालायचे, दोन्ही हात हवेत. "ये... ये... ये... डावीकडे घे... थांब!"

"मी काय ट्रक आहे, मागे घ्यायला?"

"बोलू नकोस, तोल जाईल."

"तोल या पट्ट्यांनी जातोय. खाली बघितलं की गरगरतं मला. काढा त्या."

"पट्ट्या नियमाप्रमाणे आहेत!"

एवढं सगळं सांगायचे ते तिच्या उजव्या बाजूला उभे राहून. एकदा असंच पाऊण तास व्याख्यान दिलं आणि शेवटी विचारलं, "कळलं ना?" बाई डावीकडे खिडकीतून रस्ता बघत होत्या. वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इथे होतात होय? तरीच म्हटलं, घर इतकं शांत कसं!"

रविवार उजाडला. बाईंचा दुपारी डोळा लागला आणि साहेबांच्या डोक्यात ती कल्पना आली. ओट्याखालच्या कपाटात डबे आहेत. डबे आहेत म्हणजे ही वाकणार. डबेच नसले तर वाकेल कशी? या युक्तिवादाला उत्तर नाही, मीही पुष्कळ शोधलं. त्यांनी लोखंडी शिडी लावली आणि खालचे झाडून सगळे डबे स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवले. वरच्या फळीवरचेही चढवले, एकसारखं दिसावं म्हणून. मग खाली उतरून हात झटकले, समाधानानं ओट्याकडे बघितलं, आणि लक्षात आलं, की हेडबाई येणार, चहा लागणार आणि चहा-साखर वर गेलीय.

पुन्हा चढले. चहाचा डबा होता पार मागे, म्हणून माळ्यावर रांगत गेले. रांगताना पाय लागला. शिडी धाडकन खाली.

"अहो! काय पडलं?" आतून आवाज.

"काही नाही! झोप तू!"

"कुठे आहात?"

"इथेच!"

"इथेच म्हणजे कुठे?"

"अगं घरातच!"

आता साहेबांची पंचाईत समजून घ्या. 'माळ्यावर आहे' म्हटलं, तर बायको येऊन शिडी उचलणार. शिडी लोखंडी. जड उचलायचं नाही. म्हणून ते काही केल्या जागा सांगेनात. आणि बाईंची पंचाईत अशी, की एका कानाला आवाज कळतो, तो कुठून आला ते कळत नाही. त्यांच्या लेखी सगळं घरच डावीकडे होतं. त्या उठल्या आणि नवरा शोधायला निघाल्या.

माळ्याच्या जाळीतून बोळकंडी दिसते. साहेब पोटावर सरपटत जाळीशी आले आणि जाळीला नाक लावून बघू लागले. बायको एकटीच चालत होती!

"भिंत धर!" ते ओरडले.

"कुठून बोलताय ते सांगा, मग धरते!"

त्यांनी बाथरूम बघितलं. बाल्कनी बघितली. कपड्यांचं कपाटसुद्धा उघडलं. ("यांचा काही नेम नाही," असं स्वतःशी म्हणाल्या.) वळताना एकदा झोक गेला. साहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई उभ्याच होत्या. समोरच्या स्विचबोर्डवर नजर रोवून क्षणभर थांबल्या आणि निघाल्या. भिंतीला हात नाही, पुढे कुणी उलटं चालणारं नाही. चांगल्या चालत होत्या हो! साहेब ओरडायचं विसरून बघतच राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. दार बाईंनीच उघडलं.

"ताई? तू उठलीस? भाऊजी कुठेयत?" हेडबाई.

"घरात आहेत."

"घरात कुठे?"

"ते माहीत नाही. बोलतायत, पण सापडत नाहीत."

हेडबाईंनी आयुष्यभर वर्गाच्या मागच्या बाकावरची कुजबुज पकडलीय. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, कमरेवर हात ठेवून वर बघितलं. पिठाचा डबा कलंडला होता आणि त्याच्यापलीकडून एक पांढरं तोंड खाली बघत होतं.

"भाऊजी, वर काय करताय?"

"चहा."

"माळ्यावर?"

"ही वाकू नये म्हणून."

हेडबाईंनी शिडी लावली. साहेब उतरले, पण इतका वेळ दुमडून बसलेले पाय आपले राहिले नव्हते. शेवटच्या पायरीवरून लटपटले, पट्टीच्या सुटलेल्या टोकाला अडखळले आणि बायकोनं दंड धरला म्हणून वाचले.

"खाली बघू नका," बाई म्हणाल्या. "समोर एका जागी नजर लावा. हळू. घाई नाही. शिंक येतेय? तोंड उघडा." साहेबांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

हेडबाईंनी पट्ट्या बघितल्या, रिकामी कपाटं बघितली, गळ्यातली शिट्टी बघितली. मग म्हणाल्या, "ताई, बॅग भरते."

साहेबांचा चेहरा पिठाहून पांढरा झाला. "नेऊ नका हो तिला! ती चांगली चालतेय! मी बघितलंय, वरून! एकटी चालत होती!"

"मीही तेच बघतेय," हेडबाई म्हणाल्या. "ती एकटी छान चालते. म्हणून तिला नेत नाही. तुमचे कपडे कुठे असतात?"

साहेबांनी आशेनं बायकोकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "कपाटात, खालच्या खणात. थांब, गुडघ्यात वाकून मीच काढते."

हेडबाईंच्या घरी साहेबांना जेवण वेळेवर मिळतं आणि दुपारी झोप सक्तीची आहे. परवा न राहवून त्यांनी बायकोला फोन केला. बाईंनी डाव्या कानाला लावला. गल्लीच्या टोकापर्यंत चालून आल्या होत्या, आवाज टवटवीत होता.

"अगं, मी घरी कधी येऊ?"

"डॉक्टरांना विचारून सांगते."

काल निरोप आला. जखम भरलीय, तोल सुधारतोय, डोळाही नीट मिटायला लागलाय. नवऱ्याची मात्र डॉक्टर म्हणतात, इतक्यात घाई नको.