रंगोजी वानराची खोक्-खोक्

एका जंगलात... हो, जंगलातच! नीट मांडी घालून बसा आधी. आणि मध्येच "मग काय झालं" असं विचारायचं नाही.

तर त्या जंगलात रंगोजी नावाचा एक वानर होता. तळ्याकाठच्या उंच अर्जुनाच्या झाडावर त्याची एक ठरलेली फांदी होती. तिथे बसून तो पहारा करायचा. खाली हरणं, ससे, रानकोंबड्या बिनघोर चरायच्या.

कारण रंगोजीकडे प्रत्येक संकटाची वेगळी हाक होती. बिबट्या दिसला की "खोक्-खोक्!" मग झुडपं सोडून उघड्या माळावर पळायचं. आकाशात गरुड दिसला की "चिर्रर्र!" मग माळ सोडून झुडपात शिरायचं. अगदी उलटं. त्याच्या आजोबांपासून हे असंच चालत आलं होतं.

भागीरथी हरिणीची पोर ठिपकी म्हणजे रंगोजीचा जीव की प्राण. त्याच्या लोंबत्या शेपटीला ढुशा देतच ती मोठी होत होती.

एके दिवशी शहरातून पंडितराव पोपट आले. कुणीतरी पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं म्हणून आले. सांगताना मात्र "राजीनामा दिला" असं सांगत. त्यांचा पिंजरा म्हणे एका हॉटेलच्या काउंटरवर टांगलेला असे. तिथे ते इंग्रजी शिकले. म्हणजे एक शब्द शिकले. प्रॉब्लेम.

"एकच?" सशाने विचारलं.

"अरे, एक पुरतो! पोट बिघडलं? पोटाचा प्रॉब्लेम. तळं आटलं? पाण्याचा प्रॉब्लेम. घरात भांडण? फॅमिली प्रॉब्लेम. एखादा आवडत नाही? त्याचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे! काम करायचं नसेल तर म्हणावं, जरा प्रॉब्लेम आहे. करायचं असेल तर म्हणावं, नो प्रॉब्लेम!"

सगळं जंगल तोंडात बोटं घालून ऐकत राहिलं. ज्यांना बोटं नव्हती त्यांनी खूर घातले.

सगळ्यात खूश झाले वाघमहाराज. आदल्या दिवशी त्यांनी एक सांबर खाल्लं होतं. त्याची बायको रडत दरबारात आली. महाराज हळहळून म्हणाले, "ऐकलं मी. तुमच्याकडे काहीतरी प्रॉब्लेम झाला म्हणे." बिचारी आल्या पावली परत गेली.

झालं! पंडितरावांनी वर्ग काढला. जो तो प्रॉब्लेम, प्रॉब्लेम करू लागला. एकटा रंगोजीच तेवढा खोक्-खोक् करत राहिला.

मग एकदा भागीरथी झाडाखाली आली. "दादा, राग मानू नका हं. पण तुमचं ते ओरडणं जरा गावंढळ वाटतं. आमची ठिपकी आता वर्गाला जाते. आणि या पौर्णिमेला पलीकडच्या जंगलातले पाहुणे यायचेत. महाराज म्हणत होते, फांदीवर कुणीतरी शिकलेला हवा."

रंगोजीने फांदी घट्ट धरली. आजोबांची फांदी जाणार? तो दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन बसला.

आता रंगोजी फार भोळा होता असं समजू नका. त्यालाही ते आवडलं. सगळ्या संकटांना एकच हाक, घशाला त्रास नाही, आणि वर लोक रंगोजीसाहेब म्हणू लागले! तो शेपूट गुंडाळून ऐटीत बसू लागला.

पाहुणे आले. महाराजांचं भाषण सुरू झालं. ठिपकी माळ आणि करवंदीची जाळी यांच्या मधोमध चरत होती. एवढ्यात रंगोजीला जाळीत बिबट्याची पाठ दिसली.

"प्रॉब्लेम!" रंगोजी ओरडला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"प्रॉब्लेम! मोठा प्रॉब्लेम!"

"कसला, पोटाचा का?" सशाने खालून विचारलं.

"आपसात मिटवून घ्या," महाराज भाषण न थांबवता म्हणाले.

ठिपकीने एकदा आभाळाकडे पाहिलं. गरुड असेल, असं तिला वाटलं. आणि ती निघाली की हो, थेट जाळीकडे!

खोक् म्हणावं तर पाहुण्यांसमोर अब्रू जाते, फांदीही जाते. न म्हणावं तर पोर जाते. बिबट्याने अंग आवळलं.

खड्ड्यात गेली ती फांदी!

"खोक्! खोक्-खोक्-खोक्!"

ठिपकी जागच्या जागी उलटी फिरली आणि माळावर सुसाट सुटली. बिबट्याच्या पंजात नुसतं गवत आलं. रंगोजी मात्र फांदीला मिठी मारून ढसाढसा रडला.

संध्याकाळी सभा भरली. पाहुण्यांसमोर जंगली भाषा वापरल्याचा ठपका रंगोजीवर आला. भागीरथी स्वतः उभी राहिली. "पोर वाचली, ते ठीक आहे. पण तिच्या कानावर असलं पडायला नको होतं. दुपारपासून घरात खोक्-खोक् करत हिंडतेय कार्टी!"

फांदी पंडितरावांना मिळाली. ठरावाला बिबट्याने मनापासून पाठिंबा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगोजी खालच्या एका बुटक्या झाडावर फुरंगटून बसला होता. भागीरथी इकडेतिकडे बघत जवळ आली.

"दादा, काल चारचौघांत बोलावं लागलं हो. पण आम्ही चरायला आलो की तुम्ही इथेच असाल ना? फक्त ते... जरा हळू ओरडत जा."

ती गेली आणि ससा आला. ससा गेला आणि रानकोंबड्या आल्या. सगळ्यांचं म्हणणं तेच. शेवटी वरच्या फांदीवरून पंडितराव खाली वाकले.

"रंगोजी, गरुड आला की तुम्ही काय म्हणायचा? नाही, सहज विचारलं. मीही पक्षीच आहे हो."

रंगोजीला असा राग आला, की उठावं आणि दुसऱ्या जंगलात चालू लागावं. तो उठलाही. पण तेवढ्यात मागून कुणीतरी शेपटीला ढुशी दिली. "मामा, खोक्-खोक्!" ठिपकी हसत होती. रंगोजी पुन्हा खाली बसला.

तेव्हापासून त्या जंगलात संकट आलं की वरच्या फांदीवरून पंडितराव ओरडतात, "प्रॉब्लेम!" सगळे माना डोलावतात. आणि मग हळूच रंगोजीकडे बघतात.

तात्पर्य: बाळांनो, इंग्रजी जरूर शिका, तिने वरची फांदी मिळते. मात्र पळायचं कुणीकडे हे सांगायला एक अडाणी जवळ बाळगा, आणि चारचौघांत त्याला ओळख देऊ नका.