शिवप्पांची घनता

उदगीरच्या गुरुपादप्पांनी स्वप्नालीला सून करून घ्यायला होकार दिला, पण एक अट घातली. मुलीच्या घरातल्या सोन्याचांदीच्या प्रत्येक वस्तूची घनता लातूरच्या पडताळणी केंद्रातून तपासून घ्यायची आणि सुपारी फोडण्याआधी दाखला पाहुण्यांच्या हातात द्यायचा. अट रास्त होती. थोरल्या सुनेने आणलेल्या चांदीच्या ताटाच्या मुलाम्याखालून पुढच्याच दिवाळीत पितळ डोकावलं, तेव्हापासून गुरुपादप्पांचा माणसांवरचा विश्वास उडून यंत्रांवर बसला होता.

रेणापुरात बियाण्यांचं दुकान चालवणारे स्वप्नालीचे वडील शिवप्पा उलट खूश झाले. घरचं सोनं चोख होतं. शिवाय भावकीतल्या एका मुलीची सुपारी मोडली, तर त्या घराकडे पुन्हा एकही पाहुणा फिरकला नव्हता. लेकीच्या बाबतीत तसं घडू द्यायचं नव्हतं. पाहुणे म्हणतील ते करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

केंद्राची पद्धत सोपी होती. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची. पाण्यात वजन जेवढं घटेल तेवढ्याने मूळ वजनाला भागायचं. चोख चांदी साडेदहाच्या आसपास येते, सोनं एकोणिसाच्या वर जातं, आणि दागिन्यात मिसळ असते म्हणून त्याला थोडी सूट. एवढ्या कामाला दोन मिनिटं पुरत. उरलेला दिवस टोकन घेण्यात जाई.

पाटल्या कसोटीला उतरल्या, तोडे उतरले, चांदीची समईसुद्धा उतरली. शिवप्पांनी पिशवी आवरायला घेतली, तेव्हा पडताळणी अधिकारी उमाशंकर यांची नजर त्यांच्या गळ्याकडे गेली.

“ही करडगी चांदीची आहे का?”

शिवप्पांचा हात आपोआप छातीवर गेला. आत इष्टलिंग होतं. दीक्षा झाल्यापासून ते त्यांनी कधी अंगावेगळं केलं नव्हतं.

“हाव, चांदीचीच डबी हाय. पर ही अशी काढून देता येत न्हाई, साहेब.”

“मग दाखला देता येत नाही. अर्जात तुम्ही ‘घरातील सर्व वस्तू’ असं लिहिलंय. एक जरी राहिली तरी संगणक पुढं सरकत नाही.”

“मग असं करा. सकाळी पूजेला मी लिंग तळहातावर घेतो. तेवढ्यात रिकामी करडगी तोला की.”

एवढ्यावर विषय मिटला असता, म्हणूनच उमाशंकर गंभीर झाले. “आतला ऐवज काढून वस्तू आणली की ती छेडछाड ठरते.” त्यांनी नियमावली उघडली आणि समाधानाने मान हलवली. “हे बघा. विलग न होणारी वस्तू आधारासह तपासावी.”

“आधार म्हंजे?”

“आधार म्हणजे तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी शिवप्पांना आडतीतल्या काट्यावर हवेत तोललं. मग केंद्रामागच्या हौदावर आडवा वासा बांधून, काखेतून दोर घालून, वर वजनकाट्याचा हूक लावून त्यांना पाण्यात सोडलं. “श्वास सगळा सोडा, हवा धरली तर ती भेसळ समजली जाईल,” उमाशंकर काठावरून ओरडले. शिवप्पांच्या पत्नी रुद्राणीबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. नवऱ्याच्या काळजीने, असं त्या नंतर सांगत.

दाखला लगेच छापून आला. वस्तू: शिवप्पा. जाहीर धातू: चांदी. अपेक्षित घनता: साडेदहा. आढळलेली घनता: एकच्या किंचित वर. शेरा: मोठ्या प्रमाणावर पाण्याची भेसळ.

गुरुपादप्पांचा फोन संध्याकाळी आला. “आम्ही तुम्हाला चोख माणूस समजत होतो, पाहुणे.”

“अहो, त्या करडगीत भेसळ न्हाई! ते माझं वजन धरायलेत त्यात!”

“ते आम्हाला काय कळत न्हाई. कागद काय म्हणतो ते बघा.”

शिवप्पा रात्रभर कूस बदलत राहिले. त्यांनी अपील केलं. अपिलाचा निकाल सविस्तर आला: मानवी आधाराचं प्रमाण अद्याप ठरलेलं नसल्याने तुलनेसाठी समोरच्या पक्षातील समवयस्क व्यक्ती बुडवावी.

“मला कशाला बुडवायलाव?” हौदाच्या काठावर गुरुपादप्पा गरजले. “मी मुलाकडचा हाय!”

“पाण्याच्या तक्त्यात तसा रकाना नाही,” उमाशंकर हळहळून म्हणाले.

गुरुपादप्पांचं पोट घरंदाज होतं. त्यांना दोराने सोडलं, तसे ते वर आले. काठीने दाबलं, तरी वर आले. त्यांची घनता पाण्यापेक्षाही कमी भरली. शेवटी केंद्राने दोघांना मिळून एकच दाखला दिला: दोन्ही पक्ष समान हलके, विवाहास तांत्रिक हरकत नाही. दोन्ही ओल्या व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि तिथेच सुपारी फुटली. शिवप्पांना आनंदाने रडू आलं.

तेव्हापासून लातूर-नांदेडकडची ही रीतच झाली. मुखेडच्या एका मंगल कार्यालयाने तर हौद बांधून तो भाड्यात धरला आहे. आहेर, अक्षता आणि व्याही बुडवणं, या क्रमाने कार्य पार पडतं.

त्या पहिल्या लग्नाच्या मांडवात हळद लागताना स्वप्नालीने बापाला हळूच विचारलं, “अप्पा, सोनं तपासलं, समई तपासली, तुम्हालाबी बुडवून बघितलं. पोराचं काय बघितलं?”

“त्याचं काय बघायचं, माय?” शिवप्पा मनापासून चकित झाले. “चांगल्या घरचा हाय की.”

मांडवातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एवढी सगळी हकीकत तुम्हीही चवीने वाचलीत. नवऱ्या मुलाचं नाव काय आणि तो करतो काय, हे तुम्हाला तरी कुठे विचारावंसं वाटलं?