न आलेले मोजणारे मानोजीराव

मानोजीराव मोहिते लग्नाला गेले की आधी माणसं मोजतात. हातात अक्षता, ओठ हलताहेत. लोकांना वाटतं, मंगलाष्टकं म्हणताहेत. प्रत्यक्षात ते "एकशे बारा, एकशे तेरा" म्हणत असतात. आमच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी वधूपित्यालाच गाठलं आणि विचारलं, "सर, आज आणखी काय आहे हो? कुठं जत्रा? कुणाची परीक्षा?" बिचाऱ्या वधूपित्याला वाटलं, जेवण कमी पडलं. ते थेट आचाऱ्याकडं धावले. मानोजीराव मागून ओरडले, "अय्यो, जेवणाचं राहू द्या, बिडी! आलेले कुणीही मोजेल. न आलेल्यांचं काय?"

"बिडी" म्हणजे कन्नडमध्ये "सोडा हो". हा शब्द त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात येतो. त्यांची मराठी घरचीच आहे, पण पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं पाणी प्यालेली. त्यांचा कुणी खापरपणजा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होता म्हणे. "त्याच्यानंतर आमच्यात घोड्यावर कुणी बसलं नाही, अक्का. मी मोपेडवर बसतो. तीही लाथ मारते." मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, तरी त्यांच्या तोंडी मी अक्काच.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथं म्हैसूरला आले आणि मुलगी कॉलेजात गेल्यावर शिक्षण धोरण आणि समता या विषयात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय ऐकला की लोक आदरानं बघतात. तो आदर मला फार आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते आणि त्या लाजेचं मूळ बरंचसं या आवडण्यातच आहे.

मानोजीराव विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. वय त्रेपन्न, लग्न नाही. अग्रहार भागात भावाच्या घरी माडीवरची एक खोली. दुपारी एका कॉलेजात तासावर शिकवतात, सकाळी प्रबंध लिहितात. म्हणजे लिहीत नाहीत. मी आले तेव्हा त्यांचं नववं वर्ष चालू होतं. दोन गाइड त्यांची वाट बघत निवृत्त झाले, तिसरे त्यांना जिन्यात बघून दिशा बदलतात. तीन प्रकरणं तयार आहेत, पाचवं आणि सहावंही तयार आहे. चौथं नाही. चौथ्याचं विचारलं की ते झोळीतून पंचांग काढतात आणि त्यात तोंड घालतात.

त्या झोळीत पंचांग तर असतंच, शिवाय आसपासच्या तालुक्यांतल्या जत्रांची स्वतः केलेली यादी, आठवडे बाजारांची यादी आणि कुठल्या गावात कधी बोअरवेल बंद पडली याची टिपणं. आमच्यापैकी कुणी पाहणीला निघालं की मानोजीराव दारात आडवे. "कुठलं गाव? कुठली तारीख? त्या दिवशी तिथं काय आहे?" एकदा एका मुलीनं वैतागून सांगितलं, "सर, त्या दिवशी तिथं मी आहे." मानोजीरावांनी तेही टिपून घेतलं.

आणि दर गुरुवारी ते गायब. पहाटेची पेरियापट्टणची बस पकडायची आणि दुपारच्या तासाला पायाला लाल माती घेऊन उगवायचं. विभागात यावर भरपूर संशोधन झालं होतं. कुणी म्हणे तिकडं तंबाखूची शेती घेतलीय, कुणी म्हणे बाई आहे. मला नकला चांगल्या येतात. जेवणाच्या सुट्टीत मी डब्याचं झाकण पंचांगासारखं डोळ्यांजवळ धरायची आणि म्हणायची, "अय्यो अक्का, आज लोणचं नाही आलं. त्याच्या गावात काय आहे?" सगळे लोळायचे. एकदा ते दारात उभे होते. तेही हसले. म्हणून मी नक्कल पुढं चालूच ठेवली.

आता माझी करामत ऐका. आमच्या गाइड मॅडमकडं एक पाहणी आली होती. कमी मुलांच्या सरकारी शाळा मोठ्या शाळांत विलीन करायच्या का, हे त्या अहवालावरून ठरायचं होतं. माझ्याकडं येलवालच्या पलीकडची एक शाळा होती. गाडीनं गेले, चाळीस मिनिटांत आटपलं. पटावर चौतीस मुलं, वर्गात अकरा. हा आकडा मी माझ्या तिसऱ्या प्रकरणातही घेतला आणि सहामाही सादरीकरणात मोठ्या लाल अक्षरांत पडद्यावर टाकला. पालकांचा शाळेवरचा विश्वास कसा उडालाय, यावर दहा मिनिटं बोलले. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

शेवटच्या रांगेतून मानोजीराव उठले. "अक्का, त्या दिवशी काय होतं?"

मी क्षणभरही थांबले नाही. "बुधवार होता, सर."

खोली हसण्यानं दणाणली. गाइड मॅडमही हसल्या. एरवी मानोजीराव एकच प्रश्न तीनदा विचारतात. त्या दिवशी "हौदा, असं का" एवढंच पुटपुटले आणि बसले. मी तो माझा विजय धरला. घरी जाऊन नवऱ्याला अभिनयासकट सांगितला.

चार दिवसांनी माझ्या खणात घडी घातलेला कागद सापडला. गेल्या वर्षीच्या पंचांगाचं पान होतं, पाठकोऱ्या बाजूला मानोजीरावांचं किरटं अक्षर. "तुमची येलवालकडची शाळा. त्या बुधवारी वरच्या गल्लीतली सगळी घरं शेजारच्या गावी मारम्मा देवीच्या हब्बाला गेली होती. हा सण तीन वर्षांतून एकदा येतो. गल्लीतली मुलं तेवीस. दुसऱ्या दिवशी वर्गात बत्तीस. हजेरीपत्रक डोळ्यांनी बघितलं. अहवाल सोमवारी जातो. मी कुणाला बोललो नाही."

लाज लगेच वाटली असं सांगायला मला आवडलं असतं. पण आधी राग आला. हा माणूस माझ्या शाळेत गेलाच कसा? चाळीस मिनिटांत ती माझी शाळा झाली होती. मग हळूहळू त्या दिवसाचं एक एक आठवायला लागलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या होत्या, "आज मात्र..." आणि मी त्यांना तोडून म्हटलं होतं, "मॅडम, नुसता आकडा सांगा." बाहेर गाडी चालू होती. तक्त्यात "आज मात्र"साठी रकाना नव्हता. माझे कान तापले. अकरा हा आकडा गेला तर माझं तिसरं प्रकरण उभंच राहत नव्हतं. आणि अकरा हा आकडा राहिला तर ती शाळा राहत नव्हती. हे कळूनही मी दोन दिवस तो कागद पर्समध्ये घेऊन हिंडले आणि कुणाला काही बोलले नाही.

बुधवारी संध्याकाळी मानोजीराव टेबलाशी आले. मला वाटलं, आता जाब विचारणार. ते म्हणाले, "अक्का, उद्या माझ्याबरोबर याल? बोलायचं काही नाही. चालायचं आहे स्वल्प. चपला साध्या घाला."

बस येलवालवरून गेली तेव्हा मी खिडकीकडं पाठ केली. मानोजीरावांनी ते बघितलं आणि मोपेडच्या दुरुस्तीबद्दल बोलत राहिले. बेट्टदपुरचा डोंगर दिसायला लागला तसे ते उठून दाराशी गेले. पुढच्या एका फाट्यावर आम्ही उतरलो. आत दहा-बारा घरांची वस्ती होती आणि वस्तीच्या टोकाला एका खोलीची बंद शाळा. भिंतीवर एक ते दहा आकडे रंगवलेले, त्यातला सात पोपड्यासकट पडून गेलेला. खिडकीतून आत बघितलं तर खताची पोती रचलेली.

"ही माझी चौथं प्रकरण," मानोजीराव म्हणाले. त्यांची मराठी अशीच. मी पहिल्यांदाच हसले नाही.

मग त्यांनी सांगितलं. प्रबंधाला नाव घातलं त्याच वर्षी ते एका पाहणीसाठी इथं आले होते. वर्गात चार मुलं मिळाली. चार लिहिलं, सही केली. "त्या दिवशी डोंगरावरच्या देवाची जत्रा, अक्का. मी ह्याच मुलखातला, मला माहीत नव्हतं असं नाही. मोजून झाल्यावर मी स्वतः जत्रेला गेलो. आईसाठी बत्तासे घेतले. पाळण्यात पोरं बसलेली बघितली, आठ-दहा. ती ह्या शाळेतली पोरं, हे नंतर कळलं. मी ओळखणार कशी? वर्गात ती मला दिसलीच नव्हती ना." जूनमध्ये शाळा बंद झाली. मोठी शाळा तीन किलोमीटरवर, मध्ये ट्रकांचा मोठा रस्ता. त्या वर्षी इथल्या दोन मुलींनी शाळा सोडली ती कायमची. "दोघींची नावं मला पाठ आहेत. त्यांची तोंडं मी कधी बघितली नाहीत."

मी विचारलं, "चौथं प्रकरण लिहीत का नाही मग?"

"लिहिलंय की. पहिलं वाक्य लिहिलंय. ही मोजणी मी केली, असं. त्याच्यापुढं हात जात नाही, अक्का."

तेवढ्यात मोठ्या शाळेला निघालेली मुलं पिंपळाच्या पारावर जमली. मानोजीरावांनी काही न बोलता चौघांची दप्तरं घेतली, दोन पाठीवर, एक पोटावर, एक हातात. हा त्यांचा गुरुवार. आठवड्यातली ही एक सकाळ त्यांनी यासाठी ठेवलीय. मोठ्या रस्त्याशी ते दोन्ही हात पसरून मधोमध उभे राहिले. ट्रक थांबले. अंगावरची दप्तरं हलत होती, धोतराच्या रंगाची जुनी पँट मातीनं माखली होती, आणि मी ज्याची नक्कल करत होते तो हा माणूस, हे मला त्या रस्त्यावर नीट कळलं. मला रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं.

पलीकडं गेल्यावर एक दोन वेण्यांची मुलगी मागं वळून बोट नाचवत मोजायला लागली. सात मुलं मोजून झाल्यावर तिनं मानोजीरावांच्या पोटावर बोट टेकवलं आणि कन्नडमध्ये "आठ" म्हणाली. मग सगळे पुढं निघाले. आमच्या विभागात चहा मागवताना मानोजीरावांना धरून किती, असं कधी कुणी मोजलेलं मला आठवेना. मीही कधी मोजलं नव्हतं.

शुक्रवारी मी बसनं येलवालला गेले आणि पुढं शाळेपर्यंत चालत. वर्गात एकतीस मुलं होती. मुख्याध्यापिका बाईंनी कॉफी दिली. मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात." त्या म्हणाल्या, "हो, सणाचंच सांगत होते. तुम्ही घाईत होतात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं मला आणखीच वाईट वाटलं. सोमवारच्या आत मी अहवालातला आकडा बदलला. गाइड मॅडम नाराज झाल्या, माझं तिसरं प्रकरण कोसळलं, आणि ती शाळा त्या वर्षी तरी विलीनीकरणाच्या यादीत गेली नाही.

पण अहवाल दुरुस्त केला म्हणून "बुधवार होता" हे वाक्य परत घेता येत नव्हतं. ते मी भरल्या खोलीत बोलले होते. तेव्हा माफीही भरल्या खोलीत, मानोजीरावांच्या समोर मागायची असं ठरवलं. पुढच्या सादरीकरणाची पहिलीच स्लाइड ती केली. आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं. त्यांना आधी काही सांगितलं नाही, त्यांचा चेहरा बघायचा होता. मॅडमनी फोनवर तारीख विचारली, मी म्हटलं, कुठलीही चालेल.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला सगळे जमले. मी उभी राहिले आणि शेवटच्या रांगेकडं बघितलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबू या, मानोजीराव यायचेत." कुणीतरी हसत म्हणालं, "आज कसले येताहेत ते? आज गुरुवार ना."

तारीख मलाच विचारून ठरली होती. मी कुठल्याही तारखेला हो म्हटलं, पंचांग बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. त्या घटकेला ते त्या रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे असणार. मी माफी मागितली ती एका खुर्चीची. सगळं सांगितलं, अकराचं, एकतीसचं, माझ्या नकलांचंही. कुणी हसलं नाही.

शेवटी हजेरीच्या सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्याकडं आला. मी सह्या मोजल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या. एकोणीस होत्या. त्यांच्याखाली मी लिहिलं, "न आलेले एक. त्यांच्याकडं आज काय आहे, हे मी विचारलं नव्हतं." आणि सही केली.