शेणातली अंगठी

नरहरीभाऊंच्या घरात भाजीचं एक साल वाया जात नसे, आणि ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकली नाही असा माणूस निर्मळ गावात सापडत नसे. केळीची सालं, पिचलेले पेरू, किडकी वांगी, सगळं मागच्या पडवीतल्या पाटीत पडायचं. तिन्हीसांजेला पाटी हरणी गाईपुढे, हरणीचं शेण वाडीत, वाडीतली भाजी पुन्हा घरात. "रेशनवाल्यांनी माझ्याकडे शिकायला यावं," असं ते म्हणत. उन्हाळ्यात मात्र सगळं शेण कुंपणापलीकडच्या ॲन्सेल्मच्या खड्ड्यात जाई आणि त्याच्याकडून केळींसाठी अर्नाळ्याच्या सुक्या मासळीचं खत येई. ही देवघेव भाऊंच्या बायकोनं, लीलाबाईंनी घालून दिलेली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी ती चालू होती.

लीलाबाईंनी मागे ठेवलं होतं ते पांढऱ्या वांग्यांचं बी. माहेराहून आणलेलं. दर वर्षी वाळक्या केळीच्या पानात त्याच्या पुड्या बांधून त्या आळीभर वाटायच्या. त्या गेल्या आणि भाऊंनी वाटप बंद केलं. बी दुसऱ्याच्या हातात गेलं की लीलाच थोडी कमी झाली, असं त्यांना वाटे. पुढे एका भरतीला ॲन्सेल्म आणि त्याची बायको मार्था यांच्या वाडीत खाडीचं पाणी शिरलं, त्यांची झाडं गेली. इतरांचंही बी या ना त्या कारणानं संपलं. उरलं ते भाऊंचंच.

त्या वैशाखात ॲन्सेल्म कुंपणाशी आला.

"नरहरीभाऊ, लीलाबायच्या वांग्याचं थोडं बी द्याल काय? मार्था लय आठवण काढते."

"यंदा बी धरलंच नाही रे."

भाऊंच्या पाठीमागेच बियाण्यासाठी राखलेली दोन वांगी पिवळीधमक होऊन लोंबत होती. ॲन्सेल्मनं ती पाहिली, "बरं" म्हणाला आणि गेला.

आता भाऊंच्या जिवाला घोर लागला. आज मागितलं, उद्या हात घातला तर? त्यातून दुसऱ्या दिवशी चार दिवसांसाठी लेकीकडे पालघरला जायचं होतं. त्यांनी दोन्ही वांगी तोडली आणि लपवायला जागा शोधू लागले. कोठीत उंदीर, माळ्यावर सुनेचा वावर. शेवटी त्यांना नामी युक्ती सुचली. सडक्या भाजीत सुरकुतलेलं वांगं कोण बघणार? पाटीच्या तळाशी वांगी, वर केळीची सालं, आणि भाऊ निश्चिंत मनानं पालघरला गेले. पाटी तिन्हीसांजेला कुठे जाते हे आयुष्यभर जगाला सांगणारा माणूस त्या दिवशी नेमकं तेवढंच विसरला.

परत आले तेव्हा पाटी धुऊन उपडी घातलेली होती.

"सुमन, ह्यात होतं ते कुठाय?"

"हरणीला घातलं, मामंजी," सून म्हणाली. "तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी."

"तळातलं?"

"तळातलंसुद्धा. एक साल वाया जाता कामा नये, तुम्हीच सांगता ना."

भाऊंनी उपडी पाटी उलटून आत पाहिलं. मग त्यांना आशा वाटली. वांग्याचं बी बारीक, गाईच्या पोटातून पुष्कळसं जसंच्या तसं बाहेर पडतं.

"आणि शेण?"

"चारही दिवसांचं पलीकडे गेलं."

दुपारी आळी झोपल्यावर भाऊ कुंपण ओलांडून ॲन्सेल्मच्या खड्ड्यात उतरले. आधी काठीनं, मग पिठाच्या चाळणीनं, मग कोपरापर्यंत हात घालून त्यांनी शेण चिवडलं. चार बिया मिळाल्या, त्या पेरूच्या निघाल्या.

"भाऊ, काय हरवलं?" वरून ॲन्सेल्म विचारत होता.

बी म्हणायची सोय नव्हती. "अंगठी," भाऊ म्हणाले आणि हात धोतराच्या सोग्यात लपवला, कारण अंगठी बोटातच होती.

"लग्नातली? अरे देवा! मार्था, ये गं!"

मार्थानं तिथल्या तिथे हरवलेलं शोधून देणाऱ्या सांत आंतोनीला मेणबत्ती बोलली. ॲन्सेल्मनं कुदळ आणली. "अशी नाय मिळायची. सगळं वाडीभर पातळ पसरू, म्हणजे दिसेल."

"राहू दे रे, जाऊ दे ती अंगठी!"

"लीलाबायची आठवण, जाऊ कशी देऊ?"

सूर्य मावळेपर्यंत तो राबला. भाऊ बांधावर बसून बघत राहिले. ज्याला चिमूटभर बी दिलं नाही तो आपल्या थापेपायी घाम गाळतोय, आणि लीलाचं बी मातीत नाहीसं होतंय. इतकं लाजिरवाणं त्यांना कधी वाटलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी अंगठी पेटीत टाकली. आता ती घालताही येणार नव्हती.

आषाढात कुंपणापलीकडे रोपं उभी राहिली. पान बघूनच भाऊंनी ओळखली. पण बोलणार काय? त्यांची हरवली होती अंगठी.

कार्तिकातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी ॲन्सेल्म सूपभर पांढरी वांगी घेऊन आला.

"अंगठी काय मिळाली नाय, भाऊ. हे मिळालं. बी पण धरलंय. आळीत सगळ्यांना देणार. तुमची पुडी पहिली."

भाऊंना राहवेना. आत जाऊन त्यांनी अंगठी आणली आणि त्याच्यापुढे धरली. "हरवली नव्हतीच रे. मी खोटं बोललो. तेव्हाही आणि त्याच्या आधीही."

"ठाऊक होतं. तुम्ही शेणात चिवडत होता, तेव्हा बोटात चमकत होती."

"मग सूर्य मावळेपर्यंत कुदळ का मारलीस?"

"तुम्ही रडकुंडीला आलेला, भाऊ. विचारवेना." मग तो हळूच म्हणाला, "मार्थाला नका सांगू. तिची मेणबत्ती लावून झालीय."

तो गेल्यावर भाऊंनी पुडी उलगडली. वाळक्या पानाच्या तीन घड्या, टोक आत खोचलेलं. अगदी लीला बांधायची तशी. मार्थाला तिनंच शिकवली असणार. बी बघून झाल्यावर भाऊ ती पुन्हा बांधायला बसले. दोनदा पान फाटलं, तिसऱ्यांदा बी सांडलं. तीन वर्षं ते बी राखून बसले होते, पण पुडी बांधायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.