मूळ भाग: सुतार, नग एक

शिडाच्या आलिशान बोटींच्या वार्षिक शर्यतीत जुन्या बोटींचा मान वेगळा असे. त्यासाठी नियम एकच होता: बोटीचा निदान एक भाग बांधणीच्या वेळचा हवा, आणि शर्यतीत तो बोटीवर हजर हवा.

म्हाताऱ्या सुताराने ऐन पंचविशीत बांधलेली बोट अडली ती इथेच. मालकाने हौसेने तिच्या फळ्या बदलल्या, डोलकाठी बदलली, शिडं बदलली. शेवटी घंटाही बदलली, कारण ती फार जुनी दिसत होती. तपासनीस दिवसभर वाकून शोधत राहिले. मूळचं काही सापडेना.

"मी आहे की," धक्क्यावरून सुतार म्हणाला.

जन्मभर त्याने बोटी बांधल्या आणि धक्क्यावरूनच त्यांना निरोप दिला. बसायला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या हातच्या या पहिल्या बोटीतून एकदा तरी समुद्रात जावं, एवढीच त्याची इच्छा.

समितीने तीन बैठका घेऊन नोंद केली: 'मूळ भाग: सुतार, नग एक.'

"म्हणजे आता तुम्हाला खिळे ठोकून बसवणार का हो?" सदऱ्याला इस्त्री करता करता बायकोने विचारलं.

"ठोकू देत. बसवतायत ना?"

शर्यतीच्या सकाळी बोटीवरच अंतिम तपासणी झाली. तपासनीसांनी त्याला तोंड उघडायला लावलं.

"दात?"

"कवळी आहे."

"गुडघा?"

"बदललाय. डोळ्यातही भिंग घातलंय. पण साहेब, हात माझेच आहेत."

"हातांबद्दल तक्रार नाही, काका. पण दुरुस्त केलेला भाग मूळ धरत नाहीत. नियम काही मी केलेला नाही."

"मग कोणी केला?"

"समितीने."

"समितीत कोण असतं?"

"मी असतो."

सुतार आणि त्याची बोट, दोघंही आधुनिक ठरली.

"मग आधुनिक म्हणून बसतो," सुतार म्हणाला.

"आधुनिक बोटीवर? काका, वय काय तुमचं!"

त्याला हात धरून उतरवलं. शेजारी गेल्याच वर्षी पाण्यात सोडलेली एक अवाढव्य बोट उभी होती. तिचा खिळान् खिळा बांधणीच्या वेळचा होता. नियमाप्रमाणे तिच्याइतकी जुनी बोट दुसरी नव्हती. तिला हार घातला.

तोफ उडाली. धक्क्यावरच्या सगळ्यांनी समुद्राकडे पाठ केली आणि फोन उंच धरले. सुताराची बोट वाऱ्याला जराशी कलली आणि सुटली. त्याने पंचविशीत मनात धरली होती, अगदी तशी. ती दिसेनाशी होऊ नये म्हणून तो चार पावलं पुढे सरकला.

"काका, जरा बाजूला होता का?" कोणीतरी मायेने म्हणालं. "ती हारवाली जुनी बोट झाकली जातेय."

तो बाजूला झाला. फोटो छान आलाय. तुम्ही त्याखाली लिहिलंयही छान: 'जुनं ते सोनं.'